सायकल आणि जांघेचा मार : पाना हाती घ्या, लाज बाजूला ठेवा

पहाटे दुधाच्या किटल्या अडकवून निघणारा गडी, घरोघर वर्तमानपत्रे टाकणारा पोरगा, पहिल्या पाळीला एम.आय.डी.सी.त जाणारा कामगार आणि तीन-चार किलोमीटरवरच्या हायस्कुलात जाणारी मुलगी, या सर्वांच्या घरात सायकल ही चैनीची वस्तू नाही. ती पोटाची आणि शिक्षणाची सोय आहे. या सायकलवरून पडून गुडघा फुटला तर घरात सर्वांना कळते. आई हळद लावते, बाप दोन शब्द रागावतो. पण पाय निसटून दांड्यावर आपटल्यामुळे जांघेत मार बसला, तर तोच पोरगा दातओठ खाऊन गप्प राहतो. मुलगी तर आईलाही सांगत नाही.

असला विषय कुटुंबाच्या पानावर कशाला, असे कुणी म्हणेल. आमचे म्हणणे असे की, तो कुटुंबाच्याच पानावर हवा. कारण हा मार बहुतेक वेळा टाळता येतो, आणि टळला नाही तर वेळेवर सांगितल्याने मोठे नुकसान वाचते.

मार बसतो कसा?

लघवीची नळी ओटीपोटाच्या पुढच्या हाडाखालून जाते. पाय निसटून माणूस पुढच्या दांड्यावर आदळला, की ही नळी वरचे हाड आणि खालचे लोखंड यांच्यात चेपली जाते. पुरुषांचे वृषण तर शरीराच्या बाहेरच लोंबतात. त्यांना कसलेच संरक्षण नाही. मुलींच्या व स्त्रियांच्या नाजूक भागाला रक्तपुरवठा भरपूर असतो. त्यामुळे लहानशा जखमेतूनही बरेच रक्त जाते.

हा झाला एकदम बसणारा मार. दुसरा प्रकार रोजचा. सीटवर बसल्यावर भार बुडाच्या दोन हाडांवर यायला हवा. सीट पुढून वर उचललेली असेल किंवा मधोमध खचलेली असेल, तर तो भार गुदद्वार आणि जननेंद्रिय यांच्या मधल्या मऊ जागेवर येतो. तिथून नसा व रक्तवाहिन्या जातात. त्या दबल्या की मुंग्या येतात, भाग बधिर होतो. तिसरा प्रकार म्हणजे घासून होणारे फोड, आणि फार उंच सीटमुळे जांघेतील स्नायूंवर येणारा ताण.

सायकल वाढत्या अंगाची नको

आपल्याकडे शर्ट-पँट वाढत्या अंगाची शिवतात. दोन वर्षे जास्त टिकते, पैसा वाचतो. हाच हिशेब पुष्कळ पालक सायकलला लावतात आणि आठवी-नववीतल्या मुलाला बावीस-चोवीस इंची मोठी सायकल घेऊन देतात. पण कपडा सैल झाला तर अंगावर लोंबतो. सायकल मोठी झाली तर मूल दांड्यावर आदळते.

माप पाहण्याची रीत सोपी आहे. दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकवून, दांडा मधे घेऊन उभे राहावे. दांडा आणि जांघ यांच्यामध्ये निदान एक-दोन इंच मोकळी जागा राहिली पाहिजे. जागा राहत नसेल तर ती सायकल त्या मुलाची नव्हे. घरात लेडीज सायकल असेल तर ती मुलाने चालवावी. तिला वरचा आडवा दांडा नसतो, हा तिचा गुणच आहे. मुलाने ती चालवली म्हणून त्याला काही कमीपणा येत नाही.

सीट बसवण्याचे चार नियम

पहिला, उंची. सायकल भिंतीला धरून सीटवर बसा. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली न्या. गुडघा सरळ व्हावा, पण बूड एका बाजूला कलू नये. मग चालवताना पायाचा चवडा पायडलवर ठेवला की गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. नुकत्याच शिकणाऱ्या मुलांसाठी मात्र सीट याहून खाली, पाय जमिनीला टेकतील इतकी असावी.

दुसरा, पातळी. सीट सपाट हवी. तिचे टोक वर नको. फार खाली झुकलेलेही नको, नाहीतर अंग पुढे घसरते. सीटखालच्या क्लिपचे दाते झिजले तर खड्ड्यात धक्का बसताच टोक एकदम वर येते. अशी क्लिप बदलूनच टाकावी.

तिसरा, हँडल. ते सीटच्या बरोबरीने किंवा थोडे वर असावे. हँडल खाली असेल तर माणूस पुढे वाकतो आणि सगळा दाब सीटच्या टोकावर येतो.

चौथा, सीटची अवस्था. चामड्याची सीट खचली असेल तर पुढच्या टोकाखालचा नट आवळून ती ताणता येते. स्प्रिंग तुटली असेल, रेक्झिन फाटून पत्रा वर आला असेल, तर कापडाची चिंधी बांधून काम भागवू नये. स्त्रियांच्या बुडाची हाडे साधारणपणे जास्त अंतरावर असतात; त्यांना मागून रुंद असलेली सीट सोयीची पडते.

एकच सायकल बाप आणि मुलगा दोघे वापरत असतील, तर सीटच्या नळीवर दोघांच्या उंचीच्या दोन खुणा रंगाने करून ठेवाव्यात. सीट कितीही वर घेतली तरी नळी निदान अडीच इंच आत राहिली पाहिजे.

पाय निसटतो का?

चढावर किंवा ओझे असताना आपण उभे राहून पायडल मारतो. त्याच वेळी चेन उतरली की पाय रिकामा जातो आणि माणूस थेट दांड्यावर बसतो. म्हणून चेन मधोमध बोटाने दाबून पाहावी. साधारण अर्धा इंच हलावी, लोंबू नये. फ्रीव्हीलचे दाते झिजून टोकदार झाले असतील तर चेन घसरणारच. पायडलचा दांडा खडखडत असेल तर कॉटर पिन ढिली झाली असे समजावे. पायडलचे रबर गुळगुळीत झाले असेल आणि पायात पावसाळी चप्पल असेल, तर पाय हमखास निसटतो.

हँडलच्या मुठी हीही बारीकसारीक गोष्ट नव्हे. मूठ निघालेल्या हँडलचे उघडे लोखंड पडताना लहान मुलांच्या जांघेत किंवा पोटात घुसते. पोटात बसलेला असा मार बाहेरून दिसत नाही, पण आत यकृताला वा प्लीहेला इजा करू शकतो.

कॅरियरवर पोते किंवा किटल्या असतील तर मागून टांग टाकू नये. पाय ओझ्याला अडकून माणूस दांड्यावर येतो. आधी सायकल आपल्याकडे कलती करावी, पुढून दांड्यावरून पाय पलीकडे न्यावा, मग निघावे. गतिरोधक किंवा खड्डा आला की दोन्ही पायडले सारख्या उंचीवर आणून बूड जरासे उचलावे. धक्का गुडघ्यांना घेऊ द्यावा. लांबच्या वाटेवर दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडा वेळ उभे राहून चालवले तर दबलेल्या जागेला रक्त मिळते. दांड्यावर मूल बसवायचेच असेल तर त्यासाठी छोटी सीट बसवून घ्यावी. नुसत्या लोखंडावर बसवू नये.

सायकलमुळे मर्दानगी जाते काय?

हा प्रश्न कुणी उघड विचारत नाही. पण भिंतीवरच्या जाहिरातींतले ‘गुप्तरोग तज्ज्ञ’ याच भीतीवर धंदा करतात. म्हणून अभ्यास काय सांगतो ते पाहू. अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांना पुढचे टोक नसलेली सीट सहा महिने देऊन पाहिली. त्याचे निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाले. आधी शंभरातले 27 जण बधिरपणा येत नाही असे सांगत होते; नंतर 82 जण तसे सांगू लागले. दोष सायकलचा नव्हता, सीटच्या टोकाचा होता.

पुढे 2018 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठातील डॉक्टरांनी अडीच हजारांहून अधिक सायकलस्वार पुरुषांची तुलना पोहणाऱ्या व धावणाऱ्या पुरुषांशी केली. सायकलस्वारांची लैंगिक क्षमता इतरांहून कमी आढळली नाही. बधिरपणा मात्र त्यांना अधिक जाणवत होता. जे अधूनमधून उभे राहून चालवत, त्यांना तो कमी होता. तेव्हा सायकल सोडण्याचे कारण नाही, सीट नीट करण्याचे आहे. सीट नीट करूनही बधिरपणा जात नसेल तर शिकलेल्या डॉक्टरकडे जावे, भिंतीवरच्या वैदूकडे नव्हे.

मार बसलाच तर

पडलेल्या जागी स्वस्थ पडून राहावे. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावावा; थेट कातडीवर ठेवू नये. शेक देऊ नये, तेल चोळू नये. आधार देणारी घट्टशी चड्डी घालावी. साधा मार तासाभरात कमी होऊ लागतो.

पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली तर मात्र रात्र असली तरी दवाखाना गाठावा : लघवीच्या तोंडाशी रक्त दिसणे किंवा लघवीतून रक्त जाणे, लघवी न होणे, सूज वा काळानिळा डाग वाढत जाणे, तासाभरानंतरही कळ तशीच राहणे, दुखण्याबरोबर उलटी होणे, कातडी फाटणे किंवा रक्त न थांबणे. लघवीच्या तोंडाशी रक्त असेल तर जोर करून लघवी करू नये.

एक गोष्ट आईबापांनी पक्की ध्यानात ठेवावी. किशोरवयीन मुलाच्या वृषणाला कधी कधी पीळ पडतो. तो माराने पडतो, किंवा काही कारण नसतानाही पडतो. अशा वेळी साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुधा वाचतो. पोरगा लाजेने सकाळपर्यंत गप्प राहिला तर तो काढून टाकण्याची वेळ येते. तसेच लघवीच्या नळीची इजा वरवर बरी वाटली तरी काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही, नळी आकसते. धार बारीक होते, जोर करावा लागतो. असे झाले तर जुना मार डॉक्टरला जरूर सांगावा.

मुलींच्या बाबतीत आणखी एक बोलले पाहिजे. पडून रक्त गेले तर काही घरांत औषधाआधी ‘पुढे लग्नाचे काय’ ही चिंता सुरू होते. हा निव्वळ अज्ञानाचा भाग आहे. ती जखम आहे, जखमेसारखीच तिची काळजी घ्यावी. मुलीचे चारित्र्य सायकलच्या दांड्यावर ठरत नाही. या भीतीने तिची सायकल बंद करणे म्हणजे तिची शाळाच बंद करणे होय.

घासणे, फोड आणि खाज

घामाने ओली चड्डी आणि जाड शिवण यामुळे जांघ घासते, फोड येतात. सुती, मापाची चड्डी रोज धुऊन उन्हात वाळवलेली घालावी. घरी येताच अंग धुऊन कोरडे करावे. फोड फोडू नये. गोल चट्टे पडून खाज सुटली तर तो गजकर्णाचा प्रकार असू शकतो. दुकानातून मनाने आणलेल्या मलमात पुष्कळदा स्टिरॉइड असते. त्याने चार दिवस बरे वाटते आणि मग चट्टे पसरतात. जांघेत गाठ येत असेल, ओझे उचलताना फुगत असेल आणि आडवे झाल्यावर जात असेल, तर तो हर्निया असू शकतो. तो सीट बदलून बरा होणार नाही, डॉक्टरला दाखवावा.

सुट्टीच्या दिवशी एक पाना घेऊन घरातली सायकल अंगणात काढावी. मुलगा आणि मुलगी दोघांनाही जवळ बसवून सीट, चेन, क्लिप, कॉटर पिन, मुठी एकेक करून तपासावे. अर्ध्या तासाचे काम आहे. आणि ते करता करताच सांगून ठेवावे : ‘कुठेही लागले तरी घरी येऊन सांगायचे. या घरात दुखण्याची लाज धरायची नाही.’