नाताळच्या ताटात उकाईचा मासा

नाताळ म्हटला की शहरातील वाचकांच्या डोळ्यांसमोर केक, करंज्या आणि कोंबडीचे कालवण उभे राहते. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुका मात्र या सणाला आपल्या परीने सामोरा जातो. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील चिंचपाडा हे तेथील लहानसे गाव. १९४२ सालापासूनच्या ख्रिस्ती रुग्णालयामुळे त्याचे नाव दूरवर पोहोचले आहे. या परिसरात आदिवासी ख्रिस्ती कुटुंबे बरीच आहेत. सुरतेकडे किंवा मुंबईकडे कामास गेलेली मुले सणाला घरी येतात, कॅरल गाणारी मंडळी रात्री दारोदार फिरतात, आणि पंचवीस तारखेच्या सकाळी उपासना असते. अशा वेळी घरची गृहिणी चुलीपाशी अडकून पडली, तर सण तिच्या वाट्याला येणार कधी? म्हणून आज आम्ही एकाच भांड्यात होणारे माशाचे जेवण सांगत आहोत.

मासाच का, याचे उत्तर या भूमीच्या इतिहासात आहे. तापी नदीवर गुजरातेत बांधलेले उकाई धरण १९७२ साली पूर्ण झाले, आणि त्याचे पाणी महाराष्ट्रात नवापूर व नंदुरबार तालुक्यांपर्यंत पसरले. कित्येक कुटुंबांची शेते व घरे त्या पाण्याखाली गेली. ज्यांचा नांगर बुडाला, त्यांतल्या अनेकांनी पुढे त्याच पाण्यावर जाळे टाकले. रोहू, कटला, मृगळ हे येथील ताटात येणारे मासे. बाजारात घासाघीस करताना निदान एवढे ध्यानात असावे की, हा मासा कोणाच्या तरी शेतावरून पोहत आला आहे.

योगायोग असा की, पोलंडमध्ये नाताळच्या पूर्वसंध्येला कार्प मासा शिजवण्याची प्रथा आहे, आणि आपला रोहू त्याच कुळातला. तेथे त्या रात्री मांस वर्ज्य असते. आपल्याकडे तसे बंधन नसले, तरी मासा पचायला हलका आणि खिशाला सोसणारा, हे कारणही लहान नव्हे.

नावातच चिंच असलेल्या गावाला लिंबू सुचवणे धाडसाचेच. परंतु नवी चिंच पिकायला फेब्रुवारी-मार्च उजाडतो; डिसेंबरात घरात असते ती गतसालची, काळवंडलेली. उलट नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार याच सुमारास बाजारात असतो, आणि कागदी लिंबूही मिळते. गोड्या पाण्यातील माशाला जो मातकट वास येतो, तो ज्या द्रव्यामुळे येतो, ते आंबटापुढे टिकत नाही. मात्र मासा लिंबात तासन्‌तास मुरवू नये. त्याचे मांस आकसते व भुगा होऊ लागते. पंधरा-वीस मिनिटे पुष्कळ झाली.

एक किलो रोहूचे पाऊण इंच जाडीचे तुकडे स्वच्छ धुऊन त्यांना मीठ, हळद व एका लिंबाचा रस लावून ठेवावा. लसणाच्या दहा पाकळ्या, चार हिरव्या मिरच्या, बोटभर आले व मूठभर कोथिंबीर जाडसर वाटावी. झाकणाची पसरट कढई घ्यावी; ती स्टीलची किंवा कल्हईची असावी, कारण अ‍ॅल्युमिनियमला आंबट लागले की चव बिघडते. तीन चमचे शेंगदाण्याच्या तेलात दोन कांदे व तीन बटाटे पातळ चकत्या करून पसरावेत, मीठ भुरभुरावे, अर्धी वाटी पाणी शिंपडून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर दहा-बारा मिनिटे शिजू द्यावे. बटाटा सुरीला मऊ लागला की वर वाटण चोळलेले तुकडे एका थरात मांडावेत. त्यांवर सोललेल्या संत्र्याच्या, बिया काढलेल्या चार-पाच चकत्या ठेवाव्यात. साल किंवा पांढरा पापुद्रा राहिल्यास कडवटपणा उतरतो, तेव्हा येथे आळस नको. पुन्हा झाकण घालून दहा-बारा मिनिटे शिजवावे. मध्येच ढवळण्याचा मोह आवरावा. रोहूला काटे फार, तुकडे मोडले की लहान मुलांना खाऊ घालणे जिकिरीचे होते. काट्याजवळचे मांस पांढरे होऊन सुटू लागले की उतरवावे, आणि दुसऱ्या लिंबाचा रस त्यानंतरच पिळावा.

सोबत ज्वारीची किंवा तांदळाची भाकरी हवी. तळाचा बटाटा खरवडण्यासाठी पोरांत भांडण होते; त्यासाठी एक बटाटा जास्तच घालावा. कढई झाकून चुलीच्या कडेला ठेवली, तर उपासनेहून परतेपर्यंत जेवण कोमट राहते. डोके मात्र वेगळे काढून ठेवावे, त्याचा दुसऱ्या दिवशी पातळ रस्सा करावा. आणि त्यात गतसालची चिंच घालण्यास आमची हरकत नाही.