दहा तास आणि एक गाठ

दिव्याच्या होल्डरमध्ये वायर ओवली की आत तिच्या दोन सुट्या तारांची एक गाठ मारतात. वायरला हिसका बसला तर ताण गाठीवर यावा, स्क्रूवर येऊ नये, एवढ्यासाठी. चांगला वायरमन ती बोलता बोलता मारतो. अमेरिकेत तिला ‘अंडररायटर्स नॉट’ म्हणतात, आणि दुसऱ्या महायुद्धात तिने भल्याभल्या फोरमनना जमिनीवर आणले.

१९४० साली अमेरिकी सरकारने ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ ही योजना सुरू केली. कारखान्यांत नवख्यांची रीघ लागली होती. त्यांतल्या अनेकांनी, विशेषतः बायकांनी, लेथ कधी पाहिलाही नव्हता. त्यांना शिकवणार कोण? चॅनिंग डूली, वॉल्टर डीट्झ आणि सहकाऱ्यांनी ठरवले, की आधी शिकवणाऱ्यालाच शिकवायचे. वर्ग दहा जणांचा, रोज दोन तास, पाच दिवस.

पहिल्या दिवशी प्रशिक्षक एकाला पुढे बोलावतो आणि गाठ कशी मारायची ते नुसते तोंडाने सांगतो. त्याच्या बोटांत गुंता होतो. मग दुसऱ्याला चकार शब्द न काढता गाठ मारून दाखवतो. हा समोर बसलेला, त्यामुळे त्याला डावे-उजवे उलटे दिसते, तोही फसतो. वर्गात हशा पिकतो, पण जरा ओशाळलाच. आपणही नवख्यांना असेच शिकवतो, हे प्रत्येकाला कळून चुकलेले असते. मग प्रशिक्षक तिसऱ्याला आपल्या शेजारी बसवतो, एकेक टप्पा सांगतो, करून दाखवतो आणि मेख कुठे आहे ते ठासून सांगतो. नंतर त्याच्याकडून करवून घेतो, ते करताना मेखही वदवून घेतो. गाठ बसते.

पुढचे दिवस प्रत्येकाने आपल्या खात्यातले एक काम आणून तसेच शिकवायचे. त्याआधी कागदावर दोन रकाने भरायचे: टप्पे आणि मेखा. ज्याने काम साधते किंवा बिघडते, ज्याने इजा होऊ शकते, किंवा ज्याने हात सोपा पडतो, तीच मेख. बाकीची बडबड गाळायची. खरा घाम इथे फुटतो. वीस वर्षे हात बसलेल्या माणसाला आपण काय करतो तेच सांगता येत नाही. आपल्याकडचा ‘बघून शीक’ म्हणणारा उस्ताद विद्या लपवतो असा आरोप होतो. मला वाटते, पुष्कळदा ती त्याला सापडतच नाही.

१९४५ मध्ये योजना बंद झाली. तोवर १६,५०० हून अधिक कारखान्यांत ती पोचली होती. शांतता आली तशी अमेरिका तिला विसरली. जपानने मात्र अमेरिकी ताब्याच्या काळात ती उचलली आणि पन्नाशीच्या दशकात टोयोटाने आपलीशी केली. पुढे जगभर गाजलेल्या कायझेनचे एक मूळ या योजनेच्या कामसुधारणेच्या वर्गात आहे.

१९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सचा कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला संयुक्त कारखाना सुरू झाला. त्याच्यासाठी टोयोटाचे प्रशिक्षण-साहित्य अमेरिकनांच्या गळी कसे उतरवावे, या विवंचनेत टोयोटातले अमेरिकी कर्मचारी जॉन शूक होते. तेव्हा त्यांच्या जपानी सहकाऱ्याने मागच्या खोलीतून एक पुस्तिका काढून आणली. पिवळी पडलेली, कोपरे दुमडलेली, कॉफीचे डाग पडलेली. ती याच योजनेची, मूळची इंग्रजीच होती.