टँगो : न ठरविलेल्या पावलांचें नृत्य

परदेशी नृत्यांचा विषय निघाला कीं आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत प्रथम प्रश्न उभा राहतो तो मर्यादेचा. टँगो हें तर स्त्रीपुरुषांनीं एकमेकांस कवेंत घेऊन करावयाचें नृत्य. तेव्हां त्याचें नांव ऐकतांच घरांतील वडील मंडळींच्या भिवया वर चढल्या तर नवल नाहीं. परंतु ज्या शहरांत हें नृत्य वाढलें, तेथील प्रतिष्ठित कुटुंबांनींहि त्यास प्रथम असेंच उंबऱ्याबाहेर ठेवलें होतें. पुढें त्यांनींच तें डोक्यावर घेतलें. हा पालट कसा झाला, आणि या नृत्यांत शिकण्याजोगें काय आहे, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दक्षिण अमेरिकेंत रिओ दे ला प्लाता नांवाचें विस्तीर्ण नदीमुख आहे. त्याच्या एका तीरावर आर्जेंटिनाची राजधानी ब्यूनस आयर्स व दुसऱ्या तीरावर उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ वसली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या बंदरांत युरोपांतून माणसांचे लोंढे आले. त्यांत इटली व स्पेन या देशांचे लोक सर्वांत अधिक. १९१४ सालच्या शिरगणतींत ब्यूनस आयर्सची सुमारें निम्मी वस्ती परदेशांत जन्मलेली निघाली. आलेल्यांत एकट्या पुरुषांचा भरणा मोठा. मुंबईच्या चाळींची आठवण व्हावी अशा, मधल्या चौकाभोंवतीं खोल्या आणि एकेका खोलींत एकेक बिऱ्हाड असलेल्या घरांत ही वस्ती दाटली होती.

तेथें सुरांची मात्र श्रीमंती होती. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांचें कांदोंबे हें ढोलांवरील नृत्य, मैदानी मुलुखांतील गुराख्यांचें मिलोंगा हें गाणें, क्यूबाकडून आलेला हाबानेराचा ठेका आणि युरोपांतील पोल्का व वॉल्ट्झ यांच्या संगमांतून टँगो निघाला. पुढें जर्मनींतून आलेलें बांदोनिऑन हें भात्याचें वाद्य त्यास मिळालें. आपल्या पेटीच्या दूरच्या नात्यांतलें हें वाद्य. त्याच्या खोल, आर्त स्वरानें टँगोंत करुणरस कायमचा मुरला. एकमेकांची भाषा नीट न समजणाऱ्या, घरापासून हजारों कोस दूर असलेल्या त्या माणसांना बोलण्यासाठीं शब्दापेक्षां पाऊलच अधिक जवळचें वाटलें असावें, असें मला वाटतें.

हलक्या वस्तींत रुजलेलें म्हणून प्रतिष्ठितांनीं त्याचा धिक्कार केला. पण १९१२-१३ च्या सुमारास पॅरिस शहर त्याच्या नादीं लागलें. जर्मनीच्या कैसरानें तर १९१३ सालीं आपल्या लष्करी अधिकाऱ्यांस गणवेशांत हें नृत्य करण्याची मनाई केली! पॅरिसनें मान डोलावतांच ब्यूनस आयर्सच्या दिवाणखान्यांचीं दारेंहि उघडलीं. आपल्याच अंगणांतल्या झाडाची फुलें परक्यानें वाखाणावीं आणि मग आपल्याला त्यांचा वास यावा, ही रीत केवळ आपल्याच देशांत आहे असें नाहीं. १९१७ सालीं कार्लोस गार्देल यानें 'मि नोचे त्रिस्ते' हें गीत गाऊन टँगोला शब्दांचीहि जोड मिळवून दिली.

आतां शिकण्याकडे वळूं. टँगो शिकणाऱ्यास प्रथम शिकवितात तें चालणें! पाठीचा कणा सरळ, शरीराचा सारा भार एका पायावर पुरता आल्यावांचून दुसरा उचलावयाचा नाहीं, आणि पाऊल जमिनीलगत न्यावयाचें. पुरुषाचा उजवा हात स्त्रीच्या पाठीशीं असतो व डाव्या हातांत तिचा उजवा हात. तो पुढें चालतो तेव्हां ती उलट पावलीं मागें सरते. कोठें जावयाचें तें हातानें ढकलून सांगावयाचें नसतें. छातीच्या किंचित् वळणानें सुचवावयाचें असतें. ती सूचना ओळखून स्त्री आपलें पाऊल पूर्ण करते, आणि तोंपर्यंत पुरुषानें थांबावयाचें असतें. मग एका पायावर वळत इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखी आकृति काढणारा 'ओचो', पायापुढें पाय आणून घातलेली अढी, जोडीदाराभोंवतींची प्रदक्षिणा, असे प्रकार येतात.

परंतु हे प्रकार पाठ केले म्हणजे टँगो आला असें मुळींच नव्हे. व्याकरण शिकविण्यांत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्यास हें लवकर पटतें. 'रामः रामौ रामाः' मुखोद्गत झालें म्हणजे संस्कृत बोलतां येतें असें नाहीं. टँगोंत पुढलें पाऊल आधीं ठरलेलें नसतें. ख्यालांतील उपजेप्रमाणें तें त्या क्षणीं सुचतें, आणि तेंहि दोघांना मिळून. पूर्वीं ब्यूनस आयर्सचे तरुण नृत्यसभेंत जाण्याआधीं पुरुषांच्याच तालमींत शिकत, आणि तेथें त्यांस प्रथम स्त्रीची भूमिका करावी लागे. दुसऱ्याची सूचना ओळखण्यांत कित्येक महिने घालविल्यावर मगच सूचना देण्याचा अधिकार! आज स्त्रियाहि दोन्ही भूमिका शिकतात.

त्याच्या शैलीहि अनेक आहेत. गुडघे वांकवून करावयाची 'कान्येंगे' ही जुनी. लांब, डौलदार चाल आणि वळतांना किंचित् सैल होणारी कव ही 'सालोन' शैलीची खूण. तर गर्दीच्या सभागृहांत छातीला छाती लावून आंखूड पावलें टाकणारी ती 'मिलोंगेरो'. उंच लाथा व झेपा असलेला टँगो रंगभूमीसाठीं आधींच बसविलेला असतो. १९२० नंतरच्या दशकांत इंग्रज शिक्षकांनीं टँगोला ठराविक आकृतींत बांधून स्पर्धेचें नृत्य केलें. मानेला झटके देणारा तो प्रकार अगदींच वेगळा. फिनलंडमध्यें तर टँगो तेथल्याच लोकांचा होऊन बसला आहे.

साधारणतः १९३५ ते १९५५ हा या कलेचा सुवर्णकाळ. हुआन दारिएन्सो, आनिबाल त्रोइलो, ओस्वाल्दो पुग्लिएसे यांच्या वाद्यवृंदांवर त्या काळीं सारें शहर नाचत असे. १९५५ च्या राज्यक्रांतीनंतर नृत्यसभा ओस पडूं लागल्या. १९८३ सालीं पॅरिसमध्यें झालेल्या 'टँगो आर्जेंटिनो' या प्रयोगानें त्यास पुन्हां उभारी दिली, आणि २००९ सालीं युनेस्कोनें आर्जेंटिना व उरुग्वे या उभयतांचा वारसा म्हणून त्याची नोंद केली.

राहिला मर्यादेचा प्रश्न. नृत्यसभेंत पुरुषानें दुरूनच नजरेनें विचारावयाचें, स्त्रीनें मान हलविली तरच पुढें व्हावयाचें; तिनें दृष्टि वळविली तर चारचौघांत कोणाचाहि अपमान होत नाहीं. सर्व जोडप्यांनीं घड्याळाच्या उलट दिशेनें, इतरांस धक्का न लावतां फिरावयाचें. तीनचार गाणीं संपलीं कीं निरोप घेऊन जागेवर परतावयाचें. मर्यादा दोन देहांमधील अंतरानें मोजावयाची, कीं दुसऱ्याचें मन ओळखून पाऊल टाकण्यानें? टँगोनें आपलें उत्तर दिलें आहे. आपलें उत्तर सुज्ञ वाचकांनीं आपल्या मनाशींच शोधावें.