लंडनला पायी गेलेले दोनशे मजूर

इंग्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजवाडा आणि टोपीवाला साहेब उभा राहतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या त्याच देशात, १९३३ च्या सुरुवातीला, जवळजवळ ३० लाख माणसे बेकार होती. आमच्या शाळेच्या पुस्तकात हे आम्हाला कधी आढळले नाही, म्हणून आज त्यातल्या एका गावाची हकीकत सांगतो.

इंग्लंडच्या ईशान्येला टाईन नदीकाठी जॅरो हे गाव. पामर कंपनीचा जहाजबांधणीचा कारखाना हाच गावाचा पोशिंदा. तेथे हजारावर जहाजे बांधली गेली. मंदी आली तेव्हा बड्या जहाज कारखानदारांनी मिळून, 'जादा' कारखाने विकत घ्यायचे आणि मोडीत काढायचे, यासाठीच एक कंपनी काढली. पामरचा कारखाना तिने घेतला आणि पुढली ४० वर्षे तेथे जहाज बांधायचे नाही अशी अट घातली. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, असल्या व्यवहाराला ताळेबंदात काय गोंडस नाव देतात ते आम्हाला ठाऊक आहे. गावात मात्र कामकऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक घरी बसले.

बेकारभत्ता होता, पण १९३१ पासून त्याच्या आधी 'मीन्स टेस्ट' आली. सरकारी माणूस घरात शिरायचा, कोण किती कमावतो हे विचारायचा, सामानसुमानावरून नजर फिरवायचा. पोरगा चार पैसे आणू लागला की बापाचा भत्ता घटायचा. साध्या दाखल्यासाठी ज्यांनी खिडकीपुढे चार-चार खेपा घातल्या आहेत, त्या आमच्या वाचकांना यातला अपमान निराळा समजावून सांगायला नको.

५ ऑक्टोबर १९३६ रोजी जॅरोचे २०० मजूर लंडनच्या वाटेला लागले. अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. डॉक्टरांनी तपासून निवडलेली माणसे, आणि सोबत एका लाकडी पेटीत ११ हजारांवर सह्यांचा अर्ज. मागणी एकच, काम द्या! लेस्टर शहरात चांभारकाम करणाऱ्या कामगारांनी रात्रभर जागून त्यांचे फाटके बूट शिवून दिले, मजुरी घेतली नाही. वाटेत मिळालेल्या पावातला मांसाचा तुकडा एका मजुराने पाकिटात घालून घरी पाठवला, कारण घरच्यांनी कित्येक आठवडे मांस पाहिले नव्हते.

यांच्याबरोबर अनेक टप्पे चालल्या त्या तेथल्या खासदार एलेन विल्किन्सन. उंची पाच फुटांच्या आत, मँचेस्टरच्या कामगार घरात जन्म, शिष्यवृत्तीवर विद्यापीठापर्यंत शिक्षण. याच बाई १९३२ मध्ये इंडिया लीगच्या शिष्टमंडळातून भारतातली परिस्थिती पाहून गेल्या होत्या.

३१ ऑक्टोबरला मजूर लंडनला पोचले. पंतप्रधान बाल्डविन यांनी भेट नाकारली. अर्ज पार्लमेंटात सादर झाला, दोन शब्द बोलले गेले, संपले. घरी परतल्यावर कळले की भत्ता कापला आहे. का? तर, चालत होते तेवढे दिवस हे लोक 'कामासाठी हजर नव्हते'!

याच आठवड्यात, २ नोव्हेंबरला, लंडनहून बीबीसीचे नियमित टेलिव्हिजन सुरू झाले. आदल्या वर्षी, १९३५ मध्ये, विमाने दुरून हेरणाऱ्या रडारचा प्रयोग यशस्वी झाला होता. म्हणजे त्या देशाला बुद्धी कमी नव्हती, पैसाही निघत होता. आम्हाला मात्र त्या काळातला दुसराच शास्त्रज्ञ मोठा वाटतो. डॉ. जॉन बॉइड ऑर यांनी १९३६ मध्ये घराघराच्या उत्पन्नाचा आणि जेवणाचा हिशेब मांडून दाखवले की निम्म्या जनतेला आरोग्याला पुरेसे अन्न मिळत नाही. गरिबाची बायको अडाणी म्हणून पोरे खुरटतात, ही साहेबांची आवडती समजूत होती. डॉक्टरांचा आकडा सांगत होता, पैसा नाही म्हणून खुरटतात. सरकारला हे रुचले नाही.

जॅरोला थोडेफार काम मिळाले ते पुढे, युद्धाची तयारी वाढली तेव्हा. १९४५ मध्ये विल्किन्सनबाई शिक्षणमंत्री झाल्या. १९४६ च्या कायद्याने शाळेतल्या प्रत्येक मुलाला दूध फुकट मिळू लागले. सक्तीच्या शिक्षणाचे वय १४ वरून १५ करण्यासाठी त्या मंत्रिमंडळात भांडल्या. ते १ एप्रिल १९४७ पासून अमलात आले. त्याआधी दोन महिने, फेब्रुवारीत, बाई वारल्या होत्या.