खुणेचे पत्ते आणि संशयाचं तर्कशास्त्र

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत पोकर कुठून आलं, असं काही जणांना वाटलं असेल. पण संशय आल्यावर माणसानं काय करावं, हा ज्ञानमीमांसेतला जुनाच प्रश्न आहे, आणि पत्त्यांच्या टेबलावर तो रोखीनं समोर येतो. पैसे जात असतात, समोर ओळखीची माणसं बसलेली असतात आणि मनात येतं, या पत्त्यांवर खुणा तर नाहीत ना? दिवाळीत घरोघरी तीन पत्ती चालते, तिथंही हेच.

आधी खूण म्हणजे काय ते बघू. पोकर उभं आहे ते एकमेकांच्या अज्ञानावर. तुमच्या हातात काय आहे ते मला माहीत नाही, म्हणून पैसे लावण्याला अर्थ. त्यासाठी बावन्न पत्त्यांच्या पाठी अगदी सारख्या हव्यात. ज्याला पाठीवरून पत्ता ओळखता येतो, त्याच्यापुरता हा खेळ उरतच नाही. खुणा अनेक तऱ्हेच्या असतात. नखानं कडेला पाडलेली खाच, किंचित दुमडलेला कोपरा, बोटानं लावलेला पुसट रंग, नक्षीतली एखादी पाकळी जरा भरलेली. काही शाया तर खास भिंगातूनच दिसतात.

फ्रेंच जादूगार रॉबेर-उदँ यांनी १८६१ साली पत्त्यांतल्या लबाडीवर एक पुस्तक लिहिलं. त्यात ते स्वतःचा अनुभव सांगतात. एका न्यायाधीशांनी त्यांच्याकडे जप्त केलेले दीडशे कॅट तपासायला दिले. त्यांनी कित्येक दिवस भिंग घेऊन पाहिलं, काही सापडेना. शेवटी वैतागून पत्ते टेबलावर टाकले, आणि तिरक्या उजेडात एका पत्त्याच्या चकचकीत पाठीवर एक निस्तेज ठिपका दिसला. तो ठिपका कुठे आहे, यावरून पत्ता ओळखता येत होता. तेच पत्ते, तेच डोळे. फक्त उजेडाचा कोन बदलला.

आपल्या मीमांसकांकडे यासाठी एक नेमका शब्द आहे, योग्यानुपलब्धी. वस्तू दिसली नाही म्हणून ती नाही, असं केव्हा म्हणता येतं? ती असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तेव्हा. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर घडा नाही हे सिद्ध होत नाही. तसंच रात्री मंद दिव्याखाली कॅट चाळला आणि काही आढळलं नाही, तर त्यावरून पत्ते शुद्ध ठरत नाहीत.

आता दुसरी बाजू, आणि आमच्या मते जास्त महत्त्वाची. संशय मुळात येतो कशावरून? बहुतेक वेळा एकाच गोष्टीवरून: तो सारखा जिंकतोय. न्यायशास्त्रात अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात. म्हणजे जो हेतू साध्य असेल तिथंही आढळतो आणि नसेल तिथंही. लबाड जिंकतो, तसा नशीबवानही जिंकतो आणि चांगला खेळणाराही.

आकड्यांत मांडून बघू. समजा, दहा हजार टेबलांपैकी शंभरांवर खुणेचे पत्ते आहेत. अशा टेबलावर एकच माणूस लागोपाठ जिंकण्याची शक्यता ८० टक्के धरू, आणि सरळ टेबलावर फक्त ५ टक्के. मग लबाडीच्या टेबलांवर असे ८० विजेते निघतील. सरळ टेबलं ९,९००. त्यांच्या ५ टक्के म्हणजे ४९५. एकूण ५७५ विजेत्यांत लबाड ८०. सातात एक! तुम्ही प्रत्येक विजेत्यावर बोट ठेवलंत, तर सातांपैकी सहा वेळा निरपराध माणसाला चोर म्हणाल. आकडे आम्ही कल्पनेनं घेतले आहेत, पण गणित खरं आहे. दुर्मीळ पानं आली म्हणूनही बिचकू नका. पाच पत्त्यांत फुल हाउस साधारण ६९४ हातांत एकदा येतं. रात्रभर सहा जण खेळले तर ते कुणाला तरी येणारच.

मग लक्ष कशावर ठेवायचं? जिंकण्यापेक्षा निर्णयांवर. खुणा ओळखणाऱ्याला दुसऱ्याचे पत्ते कळतात. म्हणून तो चांगली पानं हातात असताना नेमक्या वेळी डाव सोडतो, आणि भिकार पानांवर नेमका टिकून राहतो. पत्ते वाटले जाताना त्याची नजर स्वतःच्या पानांआधी इतरांच्या पत्त्यांच्या पाठींवर जाते. हेसुद्धा एकदा घडून चालत नाही, वारंवार घडायला हवं.

एवढं दिसलं तर काय करावं? पहिलं म्हणजे लावायची रक्कम कमी करा आणि तोंड बंद ठेवा. मग सहज कॅट हातात घ्या, अंगठ्यानं भराभर सोडा आणि पाठीच्या एकाच बिंदूकडे बघत राहा. नक्षी स्थिर दिसली पाहिजे. ती सिनेमासारखी हलली, तर काहीतरी आहे. पत्ते उजेडात तिरके धरून बघा, कडांवरून बोट फिरवा. तिसरं, नवा कॅट मागा. ‘हे पत्ते फार मळलेत, दुसरे काढू या’ एवढं म्हटलं तरी पुरतं. कुणावर आरोप होत नाही, आणि खुणा असल्याच तर त्यांचा उपयोग संपतो. क्लबात किंवा गोव्याच्या कॅसिनोत असाल, तर टेबलावर वाद न घालता तिथल्या व्यवस्थापकाला बाजूला घेऊन सांगा. त्यांच्याकडे कॅमेरे असतात.

आणि समजा, खूण सापडली. तरी सिद्ध काय झालं? पत्त्यावर खूण आहे, इतकंच. ती कुणी केली, हा वेगळा प्रश्न. घरातला जुना कॅट आपोआपच खुणेचा होतो. इस्पिकच्या एक्क्याचा कोपरा दुमडलेला असतो, आणि पोरांनाही तो माहीत असतो.

इथं एक पेच येतो. खूण मी केली नाही, फक्त ओळखली, तर ती लबाडी का? २०१२ साली लंडनच्या क्रॉकफर्ड्स क्लबमध्ये पोकरचा नामवंत खेळाडू फिल आयव्ही पुंटो बँको खेळत होता. हा बॅकराचा प्रकार. पत्त्यांच्या पाठीची नक्षी दोन कडांना किंचित वेगळी कापली गेली होती. अंधश्रद्धेचं निमित्त सांगून त्यानं आणि त्याच्या सहकारी बाईंनी हवे ते पत्ते वाटणारीकडून उलटे फिरवून घेतले. स्वतः पत्त्याला हातही लावला नाही. सुमारे ७७ लाख पौंड जिंकले. क्लबनं ते दिले नाहीत. २०१७ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. आपण लबाडी करत नाही अशी आयव्हीची प्रामाणिक समजूत होती, हे मान्य करूनही कृती लबाडीचीच ठरली. नुसतं पाहणं वेगळं, आणि दुसऱ्याला फसवून पत्ते मांडून घेणं वेगळं. आम्हाला हा भेद पटतो. दुमडलेला एक्का दिसला, तर तो सगळ्यांना दाखवून बदलून घेणारा माणूस सरळ.

शेवटी एका श्रोत्यानं चिठ्ठी पाठवली आहे: ‘संशय जात नाही, पुरावाही मिळत नाही, आणि समोरचा जुना मित्र आहे. अशा वेळी काय करावं?’

उठावं. सभापर्वात युधिष्ठिराला द्यूतातल्या कपटाची कल्पना होती, तसं तो बोललाही. पण आव्हान आलं तर नाही म्हणायचं नाही, हे त्याचं व्रत होतं, म्हणून बसला. आपल्यावर असं कुठलंच व्रत नाही. आरोप करायला पुरावा लागतो, कारण त्यात दुसऱ्याची अब्रू पणाला लागते. उठायला पुरावा लागत नाही. ‘आज पुरे’ एवढं म्हटलं की झालं. मित्र निर्दोष असेल तर त्याचं काही बिघडलं नाही. दोषी असेल, तर तुमचं आणखी नुकसान टळलं. संशय खरा की खोटा हे न ठरवताही माणसाला शहाण्यासारखं वागता येतं, एवढंच आज सांगायचं होतं.