सुट्टी आणि कपाटाची किल्ली

मजूर संघटनेच्या माणसाने मुलांच्या सुट्टीतल्या वाचनावर का बोलावे, असे पुष्कळांना वाटेल. आमच्या दृष्टीने हा प्रश्न रोजच्या भाकरीचा आहे. पुण्याच्या बाजारांत पोती वाहणारे आणि कारखान्यांत राबणारे कितीतरी लोक भोर-वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातून आलेले असतात. त्यांपैकी चौथी-पाचवीपर्यंत शिकलेला एखादा कागदावर सही करतो. परंतु त्या कागदात काय लिहिले आहे असे विचारले की शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. हा माणूस निरक्षर नव्हता. तो वाचायला शिकला, आणि पुढे वाचायला काही मिळाले नाही म्हणून विसरला. १९६९ साली माथाडी कायदा झाला, मंडळे आली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली. पण आपल्या खात्यावर काय जमा झाले आणि काय कापले गेले हे ज्याला वाचता येत नाही, त्याच्या पदरात तो कायदा अर्धाच पडतो. हे विसरणे एका दिवसात होत नाही. ते दर उन्हाळ्यात थोडे थोडे होत जाते.

पासलीचेच उदाहरण घ्या. वेल्हे तालुक्यातले, म्हणजे सरकारदरबारी आता राजगड तालुक्यातले, हे गाव वेल्ह्याहून केळद आणि मढे घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पाऊस दांडगा, पीक मुख्यतः भाताचे. शहरातल्या माणसाला वाटते की अशा गावी उन्हाळा म्हणजे नुसता आराम. तसे नाही. राब भाजायचे असतात, पावसाळ्यापुरते जळण साठवायचे असते, गुरे असतात, लग्ने आणि जत्रा असतात. मुले या साऱ्यांत हात लावतात आणि उरल्या वेळी करवंदांच्या जाळ्या धुंडाळतात. हे चांगलेच आहे. पोराला मे महिन्यात घरात कोंडून धडे गिरवायला लावावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, ओसरीवर दोन-तीन तास काढायचे असतात. त्या वेळी हाताशी पुस्तक नसते. आणि ते का नसते, तर शाळेबरोबर शाळेचे पुस्तकांचे कपाटही बंद झालेले असते. वर्षभर मुलाला अभ्यासापुढे फुरसत नाही तेव्हा कपाट उघडे, आणि फुरसत मिळाली की त्याला कुलूप! आमच्या लहानपणी एका शाळेत तर पुस्तके फाटतील या धास्तीने ते कपाट वर्षभरही उघडत नसे.

शहरातल्या सुखवस्तू घरी हे कुलूप जाणवत नाही, कारण तेथे घरातच पुस्तके असतात. या फरकाचा अभ्यास अमेरिकेत झालेला आहे. हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली अशा ३९ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. लांब सुट्टीनंतर मुले सरासरीने सुमारे महिनाभराच्या शिक्षणाइतकी मागे गेलेली दिसली. वाचनात तर मध्यमवर्गीय मुले जागेवर राहिली किंवा किंचित पुढे गेली, आणि गरीब घरची मुले मागे पडली. पुढे काही संशोधकांनी या मोजमापांवर शंका घेतल्या, हेही सांगितले पाहिजे. आकडा थोडा कमीजास्त असेल; पण सरावावाचून हात विसरतो हे कोणत्याही सुताराला ठाऊक आहे.

यावरचा उपायही तिकडे करून पाहिला गेला. फ्लॉरिडा राज्यात गरीब वस्त्यांतल्या मुलांना लागोपाठ तीन उन्हाळे, दरवेळी १२ पुस्तके देण्यात आली. ॲलिंग्टन आणि मॅकगिल-फ्रांझन यांनी याचा अहवाल २०१० साली प्रसिद्ध केला. पुस्तके न मिळालेल्या मुलांपेक्षा ही मुले वाचनात सरस ठरली, आणि सर्वांत गरीब मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला. त्यात शिकवणी नव्हती. परंतु एक गोष्ट होती, आणि आम्हांला तीच महत्त्वाची वाटते: पुस्तके मुलांनी स्वतः निवडलेली होती.

आपण वडीलधारी माणसे येथेच चुकतो. मुलाने काय वाचावे हे आपण ठरवतो, वाचून झाल्यावर सारांश लिहून मागतो, शुद्धलेखन तपासतो, आणि मग मुलाला वाचनाची गोडी नाही म्हणून तक्रार करतो. संपावर जायचे की नाही हे मजुरांना न विचारता ठरवणाऱ्या पुढाऱ्याची जी गत होते, तीच येथे होते. मुलाला 'फास्टर फेणे' हवा असेल तर तो द्यावा, भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा पोरगा अजूनही मुलांना आवडतो. 'बालभारती' १९७१ पासून 'किशोर' मासिक काढते. त्याचे जुने अंकही चालतील. तोरण्याच्या मुलखातल्या मुलाला शिवकाळाच्या गोष्टी विशेष भावतील. तानाजी मालुसऱ्यांचा देह सिंहगडाहून उमरठ्याला याच मढे घाटाने नेला असे सांगतात. घराजवळची वाट पुस्तकात भेटली की मूल पान सोडत नाही. आणि आजीला अक्षर येत नसेल तर नातवाने तिला मोठ्याने वाचून दाखवावे. आजी मध्येच थांबवून आपली गोष्ट सांगेल, तीही ऐकावी.

मोबाइलचे काय, हा प्रश्न येथे कोणी तरी विचारणारच. मोबाइलवरही गोष्टी वाचता येतात. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर'वर २०१५ पासून त्या फुकट मिळतात, मराठीतही. पण तो मोबाइल बहुधा बापाच्या खिशात असतो आणि बाप पुण्या-मुंबईला. ओसरीवर पडलेले पुस्तक कोणालाही उचलता येते.

खर्च फार नाही. मे महिन्यात चाकरीवरची माणसे गावी जातातच. त्यांच्याबरोबर एसटीने एक पत्र्याची पेटी जाऊ शकते. तीत ५०-६० पुस्तके मावतात. शाळेने सुट्टीपूर्वी कपाटातली पुस्तके मुलांपुढे मांडून ज्याची त्याला निवडू द्यावी, आणि पेटी गावातल्या एखाद्या घरी, शक्यतो जेथे बायकांची ये-जा असते अशा घरी, ठेवावी. एका वहीत मुलाचे नाव आणि पुस्तकाचे नाव, एवढीच नोंद पुरे. करवंदाचा डाग पडला म्हणून दंड करू नये. चार पुस्तके हरवतील, ती हरवणार असे आधीच धरून चालावे. जूनच्या मध्याला शाळा उघडली की पेटी शाळेत जावी, आणि दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा बाहेर यावी. ज्या श्रोत्यांच्या घरी मुले मोठी होऊन पुस्तके माळ्यावर गेली असतील, त्यांनी ती एप्रिल संपण्याआधी काढून ठेवावीत.