सारसासाठी महाराष्ट्र एक्स्प्रेस

पन्हाळ्यावर राहून सारसाचं वेड लागणं हा तसा आडगिऱ्हाइकी कारभार. ‘केकावली’कार मोरोपंतांच्या या जन्मगावी मान मोराला, सज्जा कोठीवर तासभर उभं राहिलं तर घारी दिसतात. सारस हवा तर राज्याचं दुसरं टोक गाठायचं. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की कोल्हापुरात बसलं की महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट गोंदियाला उतरवते. तेराशेहून अधिक किलोमीटर! एवढ्या वेळात लोक परदेशी पोचतात, हे घरी दर वेळी ऐकावं लागतं.

ओळख थोडक्यात उरकतो. उजनीवर हिवाळ्यात येणारा कांड्या करकोचा पाहुणा. सारस मात्र बारमाही इथलाच. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच, पावणेदोन मीटरपर्यंत. उत्तर प्रदेशचा तो राज्यपक्षी. आपल्याकडे गोंदियात मोजकेच उरलेत, भंडारा-चंद्रपुरात अगदी तुरळक. कीटकनाशकं आणि विजेच्या तारा हे मोठे वैरी. २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली.

आता माझ्या आवडीचं. परसवाडा, झिलमिलीसारखे तलाव, शेतांमधल्या बोड्या म्हणजे छोटी तळी आणि धानाच्या बांध्या म्हणजे खाचरं, हे यांचं राज्य. पहाटे धुऱ्यापासून, म्हणजे शेताच्या बांधापासून लांब, गाडीतच बसावं. गाडीला पक्षी फारसे बिचकत नाहीत, दार उघडून माणूस उतरला की मान ताठ होते. जोडी आधी चरत असते. मग दोघं जवळ येतात, चोची आभाळाकडे करतात. नर पंख पाठीवर उचलून एक लांब हाळी देतो, तिच्यावर मादीच्या दोन-तीन आखूड हाका पडतात. इतक्या बिनचूक, की डोळे मिटून ऐकलं तर एकच पक्षी ओरडतोय असं वाटावं. हे सगळं काही सेकंदांत संपतं, म्हणून कॅमेरा आधीच तयार हवा. अंग राखाडी, मागे हिरवंगार धान आणि डोकं लालभडक: एक्स्पोजर थोडं खाली ठेवलं नाही तर त्या लालातले बारकावे साफ जातात. ऊन चढलं की चिखलावरची हवा थरथरते. मग सहाशेची लेन्ससुद्धा काही कामाची नाही.

नुसत्या डोळ्याचे, चोचीचे फोटो मला आवडत नाहीत. तसे प्राणिसंग्रहालयातही मिळतात. बांधी, धुरा, पलीकडे रोवणी करणाऱ्या बाया आणि मधे ती जोडी, असा फोटो फक्त तिथेच मिळतो.

बादशहा जहांगीरने पाळलेल्या सारसांची नावं लैला आणि मजनू होती. मादी रात्रभर अंड्यांवर बसते, नर पहारा देतो आणि सकाळी पाळी बदलते, हे त्याने आठवणींत नोंदवून ठेवलं. कॅमेरा नसताना केवढी ही नजर! आज हातात लाखाची लेन्स असूनही आम्ही पाच मिनिटांत कंटाळतो.

धानात घरटं दिसलं तर मात्र लेन्सला झाकण लावा. एका वेळी अंडी बहुधा दोनच. जोडी उठली की कावळे टपलेलेच असतात. शेत ज्याचं, त्याला विचारल्याशिवाय धुऱ्यावर पाय ठेवू नका. आणि फोटो जगाला दाखवताना तालुक्यापुढचा पत्ता लिहू नका.